टॅपेट वाजतोय: कोणत्या आवाजाला भ्यायचं आणि कोणत्या शांततेला

गाडीच्या आवाजांवरच्या या मालिकेत आज टॅपेट. बॉनेट उघडलं की वरच्या बाजूने येणारा तो टिक-टिक-टिक आवाज, शिलाई मशीन चालल्यासारखा. मराठी गॅरेजमध्ये म्हणतात ‘टॅपेट वाजतोय’. मी बोलतोय ते मैसूर जिल्ह्यातल्या कृष्णराजनगरमधून. इथे कन्नडमध्ये आवाजाला ‘सद्दु’ म्हणतात, पण टॅपेटला टॅपेटच म्हणतात. बेळगाव, इंदूर, बडोदा, कुठेही जा, हा शब्द बदलत नाही. आणि त्याबद्दलची एक चुकीची समजूतही बदलत नाही.

ती समजूत अशी की, आवाज आला म्हणजे इंजिन बिघडलं आणि आवाज गेला म्हणजे इंजिन सुधारलं. त्यामुळे दोन प्रकारचं नुकसान होतं. काही लोक साध्या टिकटिकीला घाबरून ‘इंजिन काम’ काढतात आणि हजारो रुपये घालवतात. काही लोक आवाज अजिबात नको म्हणून टॅपेट आवळून घेतात. गाडी गप्प होते, मालक खूश होतो आणि काही महिन्यांत एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सैल टॅपेट ओरडून सांगतो, आवळलेला टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो.

फट कशासाठी ठेवलेली असते?

इंजिनच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह असतात. गॅरेजमध्ये त्यांना नुसतं ‘वॉल’ म्हणतात. इनलेटच्या व्हॉल्व्हमधून हवा आणि पेट्रोल आत येतं, एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हमधून जळका धूर बाहेर जातो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचं काम स्प्रिंगचं, उघडायचं काम कॅमशाफ्टचं. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरत आला की तो रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्हच्या शेंड्यावर दाब देतो आणि व्हॉल्व्ह उघडतो.

या रॉकरच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते. कारण साधं आहे: तापलं की लोखंड वाढतं. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा ३०० अंशांनी तापला तर तो साधारण ०.३५ ते ०.५ मिलिमीटरने लांब होतो. हेडही तापून वाढतं, त्यामुळे ही सगळी वाढ फटीत येत नाही, पण काही भाग येतो. गाडी गार असताना फट ठेवली नाही, तर तापल्यावर लांब झालेला व्हॉल्व्ह रॉकरला टेकतो आणि आपल्या सीटवर पूर्ण बसत नाही.

आता एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची अवस्था बघा. त्याच्या तोंडाशी सातशे अंशांच्या आसपास तापमान असतं. त्याला थंड व्हायला मुख्य जागा एकच, ती म्हणजे सीट. बंद होऊन सीटवर बसला की अंगातली बहुतेक उष्णता तो हेडला देतो आणि तिथून ती पाण्यात जाते. सीटवर नीट टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट उरत नाही. वर फटीतून पेटलेला वायू झोतासारखा निसटतो. मग व्हॉल्व्हची कड जळते आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन जातं.

ही फट किती? बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत मिलिमीटरचा दहावा भाग ते चार दशांश. ऑफिसातला साधा ए-फोर कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे एक ते चार कागदांचा हा मामला. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा टॅपेट कव्हरजवळच्या स्टिकरवर बघा. आकड्यासोबत ‘गार’ की ‘गरम’ हेही बघा, कारण दोन्हींचे आकडे वेगळे असतात. एक्झॉस्टची फट बऱ्याचदा इनलेटपेक्षा जास्त असते. तो जास्त तापतो, म्हणून.

दोन झिजा, दोन दिशा

फट बदलते ती झिजेमुळे. पण सगळ्या झिजा एकाच दिशेने जात नाहीत.

कॅमचा उंचवटा, रॉकरचं टोक, पुशरॉडचं टोक झिजलं तर फट वाढते. रॉकर आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि टिकटिक ऐकू येते. व्हॉल्व्ह थोडा उशिरा आणि थोडा कमी उघडतो, पिकअप जरा मंदावतो. त्रासदायक आहे, पण पुढच्या रविवारपर्यंत थांबता येतं.

व्हॉल्व्हची सीट झिजली तर उलटं होतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसत जातो, त्याचा शेंडा रॉकरकडे सरकतो आणि फट कमी होते. आवाजही कमी होतो. लोकांना वाटतं, वा, इंजिन बसलं! खरं तर ते जळण्याच्या दिशेने चाललेलं असतं.

गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत ही दुसरी झीज जास्त दिसते. सीएनजी आणि एलपीजी कोरडं इंधन आहे. सीटवर पेट्रोलमुळे मिळणारा थोडासा ओलावा आणि मऊ थर तिथे राहत नाही. म्हणून गॅसवरच्या गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न बघता, मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या आधीच तपासायचे.

तुमच्या गाडीत काय आहे?

सेट करायचं की नाही हे इंजिनच्या बनावटीवर ठरतं. ढोबळमानाने तीन घराणी आहेत.

पहिलं घराणं स्क्रू आणि लॉकनटवालं. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, मारुती ८००, ओम्नी. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते आणि लांब पुशरॉड वर रॉकरला ढकलतात. ओम्नीत कॅमशाफ्ट वर हेडमध्येच असते. पण दोन्हीकडे फट पान्याने आणि स्क्रू ड्रायव्हरने सेट होते.

पद्मिनीचं आणि आमच्या भागाचं एक लांबचं नातं आहे. ज्यांच्या नावावरून कृष्णराजनगर हे नाव पडलं त्या महाराज कृष्णराज वडियारांचे दिवाण होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९३०च्या दशकात भारतात मोटारींचा कारखाना काढायची योजना आखली. सोलापूरचे वालचंद हिराचंद तिच्या मागे लागले. मैसूर संस्थानाची मदत घेऊन कारखाना उभारायचाही प्रयत्न झाला, पण इंग्रज सरकारने हात दिला नाही. वालचंदांनी मैसूर सरकारच्या साथीने १९४०मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला आणि मोटारींसाठी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि मग पद्मिनी निघाली, १०८९ सीसी पुशरॉड इंजिनाची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. टॅक्सीवाले इतकी वर्षं ही गाडी चालवू शकले त्यात या स्क्रू-लॉकनटचाही वाटा आहे. स्टँडवरच्या मिस्त्रीला फीलर गेज आणि दोन पाने पुरत होते.

दुसरं घराणं शिमवालं किंवा बकेटवालं. इथे कॅम थेट वाटीसारख्या टॅपेटवर दाबतो. स्क्रू नसतो. फट बदलायची तर वेगळ्या जाडीची चकती किंवा वेगळ्या जाडीची वाटीच घालावी लागते. अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत हीच रचना असते. झीज हळू होते, म्हणून तपासणीही लांबच्या अंतराने येते.

तिसरं घराणं हायड्रॉलिक. यात फट नसतेच. टॅपेटमध्ये ऑइल भरतं आणि ऑइलचा दाबच फट भरून काढतो. पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन याच घराण्यातलं. इथे ‘टॅपेट सेटिंग करून देतो’ असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा. सेट करण्यासारखं त्यात काही नाही.

आधी ऐका

सेटिंगच्या आधी आवाज टॅपेटचाच आहे याची खात्री करायची. त्यासाठी चार कसोट्या.

पहिली कसोटी वेगाची. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरते. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. एका सैल टॅपेटची टिकटिक याच तालात येते, हलकी आणि धातूची. कनेक्टिंग रॉडची बेअरिंग गेली असेल तर ठोका दुप्पट वेगाने येतो, खालून येतो आणि जड असतो, घणाचा घाव पडल्यासारखा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो वाढतो. असा आवाज असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर गाडी तिथेच बंद करा आणि टो करून न्या.

दुसरी कसोटी गार-गरमची. सकाळी स्टार्ट केल्यावर टिकटिक आणि तापल्यावर गायब? एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून गळती असेल तर नेमकं असंच होतं. गार असताना फट असते, तापून धातू फुगला की बुजते. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांवरून फिरवा. फुस्स ऐकू येईल. हायड्रॉलिक टॅपेट रात्रभरात रिकामे होतात, म्हणून स्टार्टनंतर काही सेकंद वाजले तर चालतं. मिनिटभरानेही वाजत राहिले तर तपासा.

तिसरी कसोटी जागेची. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर ठेवा आणि मूठ कानाला लावा. मग एकेका सिलिंडरच्या जवळचा बोल्ट ऐका. तसंच इंजेक्टर ऐका. तेही टिकटिकतात आणि तो त्यांचा नैसर्गिक आवाज असतो. टायमिंग चेनच्या बाजूने खळखळ येत असेल तर ते टॅपेटचं प्रकरण नाही. मल्टिजेटमध्ये टायमिंगला चेन आहे आणि तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ही खळखळ टिकून राहिली तर गाडी चालवू नका. चेन सरकली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. हे ऐकताना ओढणी, गमछा, सैल बाही दूर ठेवा. रेडिएटरचा पंखा इंजिन चालू असताना कधीही आपोआप सुरू होतो.

चौथी कसोटी ऑइलची आणि ती खरं म्हणजे सगळ्यात आधी करायची. डिपस्टिक काढा. पातळी कमी असेल, ऑइल जुनं काळं झालं असेल किंवा चुकीच्या ग्रेडचं असेल तर कुठलाही टॅपेट वाजेल. जास्त भरलेलं ऑइलही फेसाळतं आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवा शिरते. हायड्रॉलिक घराण्यात पहिला इलाज हाच: योग्य ग्रेडचं ऑइल, चांगला फिल्टर आणि मग शंभर-दोनशे किलोमीटर चालवून बघणं. त्यानंतरही वाजला तर गेज लावून ऑइलचं प्रेशर मोजायला सांगा.

ओम्नीचे टॅपेट: पायरीने

आता स्क्रू-लॉकनटवाल्या घराण्याचं प्रत्यक्ष काम. उदाहरण ओम्नीचं घेऊ, कारण आमच्या भाताच्या पट्ट्यात अजून बऱ्याच ओम्नी पोती वाहतात. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, इंजिन पुढच्या सीटखाली.

१. गाडी रात्रभर उभी ठेवा. इंजिन पूर्ण गार हवं. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चाकाला दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली.

२. स्पार्क प्लगभोवतीची धूळ फुंकून मग प्लग काढा. आता इंजिन हाताने सहज फिरेल. टॅपेट कव्हर काढा, आत माती पडू देऊ नका.

३. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वर आणा. ओळखायचं असं: त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने किंचित खुळखुळतात आणि कॅमचे उंचवटे रॉकरपासून दूर असतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात पुढच्या सिलिंडरची पाळी २४० अंशांनी येते.

४. काहीही सैल करण्याआधी सहाही फटी मोजा आणि कागदावर लिहा. फीलर गेजचं पान तेलाचा हात लावून सरळ सरकवा. दोन बोटांत धरलेला कागद ओढताना जसं लागतं, तितकाच अडसर हवा. त्याहून एक पायरी जाड पान आत जाऊ नये.

५. लॉकनट रिंग पान्याने सैल करा, पान मध्ये ठेवून स्क्रू फिरवा. बरोबर अडसर आला की स्क्रू धरून ठेवून नट आवळा. मग पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून ही मोजणी टाळायची नाही.

६. सगळे झाले की इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून सहाही फटी परत तपासा. कव्हरची गॅस्केट कडक झाली असेल तर नवी घाला, नाहीतर ऑइल गळून एक्झॉस्टवर पडेल.

अ‍ॅम्बेसेडरसारख्या चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात जुने मिस्त्री नवाचा हिशोब वापरतात. पुढून एक ते आठ आकडे द्या. एक नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना आठ नंबर सेट करायचा, तीन नंबर दाबलेला असताना सहा. बेरीज नऊ. कारण जोडीच्या सिलिंडरमधला तसाच व्हॉल्व्ह त्या क्षणी कॅमच्या बरोबर पाठीवर असतो.

एक फसवी जागा सांगतो. फट बरोबर बसवली, तरी एक टॅपेट वाजतोच. रॉकरचं टोक बघा. तिथे व्हॉल्व्हच्या शेंड्याने खड्डा पाडलेला असतो. फीलरचं सपाट पान खड्ड्यावरून पुलासारखं जातं आणि खड्ड्याची खोली मोजलीच जात नाही. इथे स्क्रू आणखी आवळून आवाज मारायचा मोह होतो. तो आवरा, रॉकर बदला.

शिमवाल्या इंजिनात मोजायची रीत तीच, बाकी गणित. जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवा, हवी ती फट वजा करा. जुना शिम २.५०, फट निघाली ०.३२, हवी ०.२०. मग नवा शिम २.६२ हवा. बाजारात २.६० मिळाला तर फट ०.२२ राहील. ही फट मॅन्युअलच्या मर्यादेत बसते का बघा. फट किंचित मोठी राहिली तर चालते, लहान नको.

कागदावरचे आकडे काय सांगतात?

त्या सहा आकड्यांत इंजिनची तब्येत लिहिलेली असते.

सगळेच थोडे सैल असतील तर नेहमीची झीज. सेट करा आणि विसरा. एकच खूप सैल असेल तर लॉकनट सुटलाय, रॉकर झिजलाय किंवा कॅमचा उंचवटा बसलाय. एखादा एक्झॉस्ट आवळलेला असेल तर सीट खाली जातेय. सेट करून तारीख आणि किलोमीटर लिहा, लवकरच परत मोजा. तोच पुन्हा आवळला असेल तर हेड उतरवून सीटचं काम करण्याची वेळ आली.

समजा, भाताची पोती वाहणारी एलपीजीवरची ओम्नी आहे. इंजिन एकदम शांत. पण सकाळी उशिरा स्टार्ट होतं, एका सिलिंडरमध्ये मिसिंग आहे, चढावर दम लागत नाही. कॉम्प्रेशन एका सिलिंडरचं कमी आलं. इथे बरेच जण थेट ‘रिंगा गेल्या, इंजिन उतरवा’ म्हणतात. त्याआधी दोन गोष्टी करा. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत कॉम्प्रेशन घ्या. वाढलं तर रिंगा, तितकंच राहिलं तर संशय व्हॉल्व्हवर. मग एक्झॉस्टची फट मोजा. ती शून्य निघाली, तर फट देऊन पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. व्हॉल्व्ह अजून जळला नसेल तर कॉम्प्रेशन परत येतं आणि काम सकाळभरात आटोपतं. जळला असेल तर हेड उतरवावं लागेल, पण फक्त हेड. बोअर आणि पिस्टनला हात लावायचं कारण नाही.

म्हणून गॅरेजमध्ये गाडी देताना ‘आवाज बंद करा’ असं सांगू नका. तसं सांगितलं की मिस्त्रीही आवळूनच देणार, कारण तुम्ही तेच मागितलंय. त्याऐवजी म्हणा, ‘भाऊ, गाडी गार असताना फटी मोजा आणि आधीचे-नंतरचे आकडे मला लिहून द्या.’ चांगला मिस्त्री या मागणीने रागावत नाही. तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. पुढच्या वेळी त्याच आकड्यांशी ताडून बघा. बरोबर सेट केलेल्या जुन्या इंजिनाची बारीक टिकटिक राहिली तर राहू द्या.

पुढच्या भागात टायमिंग चेन आणि टायमिंग बेल्ट: कोणता कधी बदलायचा आणि पुढे ढकलला तर काय होतं. भेटू या.